मोथुसीच्या येरझाऱ्या आणि कमी झालेल्या दोन गाई

थोरल्या ओतेंगदादांना,

धाकट्या केलेबोगिलेचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता कुरकुरत नसेल, वहिनींचा खोकला हटला असेल आणि तिकडे पाऊस झाला असेल, असं धरून चालते (इकडे ढग नुसतं तोंड दाखवून जातात).

परवा माझ्या पाकोच्या लग्नात मुलीकडच्यांना द्यायची गुरं ठरवायला माझे दीर त्यांच्याकडे गेले. मामाशिवाय बोलणी होत नाहीत आणि तुमचा गुडघा अडून बसलेला, म्हणून आपला मोथुसी पुढे. पहाटे जायचं आणि आत बोलावीपर्यंत फाटकाबाहेर मुकाट बसायचं, ही रीत. पण त्याला बसवतं कुठं? डोक्यातल्या आवाजांसाठी गावच्या दवाखान्यातली गोळी चालू होतीच. शहरातल्या डॉक्टरांनी आणखी एक दिली, आणि या शहाण्यानं त्यांना पहिलीबद्दल सांगितलंच नाही. दोघी पोटात भेटल्या नि सवतींसारख्या भांडल्या. आता बसला की तापल्या तव्यावर बसल्यासारखा उठतो, हात थरथरतात, जबडा रवंथ केल्यागत हलतो. बिचारा ऊन वर येईतो फाटकापुढे येरझाऱ्या घालत राहिला. मुलीकडच्यांना वाटलं, मामा रागावून निघाले. त्यांचे म्हातारे काका धावत आले, "मामा, आमची मुलगी इतकी महाग वाटली का हो?" मोथुसी जबडा हलवत लांब चालत गेला. काकांनी जागच्या जागी दोन गाई कमी केल्या.

दीर खूष. मामा असावा तर असा, म्हणे. मोथुसी मात्र घरी येऊन उभ्याउभ्याच मला म्हणाला, "ताई, लोक हसतात गं. गोळ्या फेकून देतो. त्यापेक्षा आवाज परवडले." मागे गोळ्या सोडल्या तेव्हा तो आपल्याला रानात सापडला होता, अनवाणी. नर्सबाई म्हणतात, आपल्या मनानं एकही सोडायची नाही, दोन्ही घेऊन या, डॉक्टर बघून बदलतील. महत्प्रयासानं तयार झालाय. सोमवारी नेणार आहे.

बाकी सगळं ठीक. वहिनींना आठवण सांगा.

तुमची,
केलेबोगिले

ता. क. सगळं ठीक नाही. दीर म्हणतात, अजून एक बैठक व्हायचीय, तोवर मामाला बरं करू नका, आणखी एखादी गाय सुटेल. बैठकीत माझं कोण ऐकतं? तुम्ही थोरले मामा. रविवारच्या आत त्यांना फोन करून खडसवा.

आणखी एक. त्या कमी झालेल्या दोन गाई शेवटी द्याव्याच लागल्या तर माझ्या कळपातल्या घेऊन जा म्हणावं. मला माझा भाऊ एक कप चहा संपेपर्यंत बसलेला बघायचाय.