लग्नापुरती बंद केलेली गोळी

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझा राग गेलेला नाही. विरला असेल असं वाटत होतं, पण परवा भावाने माझ्या लग्नाची जुनी कॅसेट मोबाइलवर उतरवून पाठवली आणि तो पुन्हा उसळला. आपल्या नल्लकुंटा मोहल्ल्यातला हॉल, पुण्याहून आलेलं कॉम्प्युटरवालं सासर, आणि आपल्या घरात पहिल्यांदाच व्हिडिओ शूटिंग. त्या मेल्या कॅमेऱ्यानेच घात केला.

कंपवाताच्या गोळ्यांनी तुमचं ताठरलेलं अंग सुटलं होतं. शर्टाची बटणं पुन्हा आपल्या हाताने लावायला लागलात, तेव्हा आईला केवढा आनंद झाला होता! पण गोळीचा अंमल चढला की तुमची मान आणि खांदे आपोआप वळवळायचे. डॉक्टरांनी माझ्यासमोर बजावलं होतं, "हलणं फार वाढलं तर मला सांगा, डोस बदलू. पण मनाने एकदम बंद करायची नाही, जिवावर बेतेल." तुम्ही हो म्हणालात. आणि लग्न दोन-तीन दिवसांवर आलं तशी गोळी बंद! ठाऊक होतं फक्त आत्याला. "पाहुण्यांसमोर, कॅमेऱ्यासमोर माकडासारखा नाचू काय? नक्को," असं तुम्ही तिला म्हणालात. त्यावर ती शहाणी म्हणते, "हौ, खरंय. चार दिवसांत काय बिघडतं?" हे तिने मला नंतर रडत सांगितलं. काय बिघडतं म्हणे!

कॅसेटमध्ये कन्यादान चाललंय. आई झारीने पाणी सोडतेय आणि तुमची ओंजळच होत नाही. शेवटी काका तुमचे हात धरून माझ्या हातांवर आणतो. चेहरा लाकडाचा, डोळे तेवढे माझ्याकडे वळतात. मागून कुणीतरी म्हणतं, "किती शांत बसलेत वडील!" शांत? अहो, माणूस आतून आवळत चालला होता तिथे! संध्याकाळी ताप भडकला, अंग ताठ झालं, शुद्ध हरपली. गोळ्या पुन्हा सुरू केल्या, पण उशीर झाला होता. आठवड्याच्या आत तुम्ही गेलात.

कुणी मागितला होता हो तुमच्याकडे स्थिर बसणारा बाप? मला वळवळणारा चालला असता. सासरचं कुणी हसलं असतं तर मी मुंडावळ्यांसकट उठून त्यांना ऐकवलं असतं. आमची लाज वाटली तुम्हाला, की स्वतःची? जीव एवढा स्वस्त होता?

आता माझा डावा हात थरथरतो, अण्णा. त्याच जातीच्या गोळ्या सुरू आहेत, मी त्या वेळेवर घेते आणि अंमल चढला की माझीही मान तुमच्यासारखी वळवळते. पुढच्या आठवड्यात ऑफिसात माझा निरोप समारंभ आहे. स्टेजवर बसायचं, सगळे फोटो काढणार. हे पत्र कुणाला दाखवणार नाही, तुमच्यापर्यंत तर पोचणारच नाही, म्हणून सांगते. काल डॉक्टरीणबाईंना मीच विचारून आले, "त्या एका दिवसापुरती नाही घेतली, तर चालेल का?"