बटणांच्या डबीतल्या गोळ्या

मामा, मी तुमचं काही ऐकत नाही हे तुम्ही आता चौथ्यांदा लिहिलंत. ऐकलं म्हणूनच दोन दिवस दवाखान्यात पडून होतो. फोनवर तीनदा सांगायला गेलो, तर ‘मशीन चालू आहे’ म्हणून तुम्ही ठेवून दिलात. म्हणून आता लिहितो. (बरा आहे मी. आईला हे वाचून दाखवू नका.) भांडणात नमस्कार राहिला, तो घ्या. तुमची कंबर कशी आहे, आईचा गुडघा कसा आहे, समोरच्या इस्त्रीवाल्याशी बोलणं सुरू झालं का, तेही कळवा.

निघताना तुम्ही मला गोळ्या भरलेली बटणांची डबी दिली होतीत. पांढरी डोक्यासाठी, गुलाबी अंगासाठी, पिवळी सर्दीसाठी. ती मी जिवापाड जपली. शिंप्याचा हात तुमचा, पट्ट्या कात्रीने अशा सफाईने सुट्या केल्या होत्या की एकाही गोळीवर अख्खं नाव उरलं नव्हतं. मी इथे धुलाईखान्यात चादरी पिळायच्या यंत्रावर आहे (पिळतं यंत्र, पण ओल्या चादरी उचलून पिळला जातो मी). मागच्या सोमवारी दाढ ठणकली, पाठ धरली आणि नाक गळायला लागलं, सगळं एकाच सकाळी, जणू ठरवून आले होते. मी तुमच्या पद्धतीने तिन्ही रंगांची एकेक घेतली. दर चार तासांनी पुन्हा तिन्ही. मुकादम म्हणाला, आज दोघांचं काम करतोयस. मला वाटलं, मामा उगाच शिंपी झाले, डॉक्टर व्हायला हवे होते.

चौथी खेप घेतली आणि गुलाबी संपली, म्हणून औषधाच्या दुकानात गेलो. तिथल्या बाईंचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर, सुईत दोरा ओवताना तुमचा असतो तसा. मी डबी पुढे केली आणि म्हटलं, यातली गुलाबी द्या. बाईंनी डबी उपडी केली आणि मी परत तिच्यातच टाकलेले रिकामे तुकडे रंगारंगाने जोडत बसल्या, तुम्ही बाही जोडता तसे. मग म्हणाल्या, कंपन्या तीन, रंग तीन, आत औषध एकच, पॅरासिटामॉल. आणि पिवळीची तारीख गेल्या वर्षीच संपली आहे.

“दिवसात किती घेतल्यास?”

“बाराच.”

“बाराच म्हणे. या गोळीच्या आठ म्हणजे धडधाकट माणसाची हद्द, तेही वेळ सोडून सोडून.”

“पण मला काही होत नाहीये. उलट छान वाटतंय.”

“पहिल्या दिवशी छानच वाटतं. यकृत उशिरा कुरकुरतं, आणि मग आपल्याला पळायची वेळ येते. चल.”

त्यांनी स्वतः दुकान बंद केलं आणि मला दवाखान्यात नेऊन बसवलं. सलाईन लावलं, तीनदा रक्त काढलं. तिसऱ्या दिवशी यकृत शाबूत आहे असं सांगून सोडलं.

पण पडल्या पडल्या तुमचं मागचं पत्र आठवलं आणि छान वाटणं तिथेच संपलं. ‘तुझ्या आईला तिन्ही रंगांवर ठेवलंय, गुडघा गप्प आहे.’ मामा, आईचं वजन किती, ती जेवते किती. डॉक्टर म्हणाले, अशा माणसाला आठसुद्धा जास्त, आधी तपासून मगच द्या. तुम्ही परक्याच्या पायजम्याचंही दोनदा माप घेता, आणि सख्ख्या बहिणीला अंदाजाने देताय.

तुमचा रागावलेला भाचा

ता. क. दाढ काढली. दाताच्या डॉक्टरांनी आज काय काय घेतलंस विचारलं, मी सोमवारपासूनचं सगळं सांगितलं. ते म्हणाले, मी नाश्त्याचं विचारलं.

ता. क. तुमची डबी फेकलेली नाही. तिच्यात आता बटणं आहेत. मुकादमाच्या शर्टाचं एक लावून दिलं, ते तासाभरात तुटलं. तुमचा हात माझ्यात नाही हे कबूल.

ता. क. आईला उद्याच डॉक्टरांकडे न्या, रक्त तपासून घ्या, किती गोळ्या दिल्यात ते लाजू नका, खरं सांगा. ते सांगतील तेवढीच द्या, एकाच नावाची, आणि पट्टीला कात्री लावू नका. फी, तपासणी, अख्खी पट्टी आणि दोघांचं रिक्षाभाडं (चालवत नेऊ नका तिला) धरून पाठवतोय : सहाशे चाळीस.