सासूबाईंची निधनवार्ता

४ मार्च

आमच्या संपादकांच्या, प्यो साहेबांच्या अंगात माणुसकी संचारली आहे. डेस्कवर फर्मान निघालं — समलिंगी माणसांच्या बातमीत ‘खोलीसोबती’ लिहायचं नाही, ‘जोडीदार’ लिहायचं. मथळ्याला उगाच ‘वाद’ चिकटवायचा नाही. दुसरी बाजू म्हणून दर वेळी पाद्र्याकडे धावायचं नाही.

हेच साहेब पूर्वी मोर्चाच्या फोटोखाली ‘मुलांना काय सांगायचं?’ असं लिहवून घ्यायचे. आता नारे नावाच्या नव्या वार्ताहर मुलीची भेदभावावरची लेखमाला गाजते आहे, साऱ्या सोलमध्ये आमच्या पेपरचं कौतुक चाललंय, तर सगळ्यांत पुढे हेच! सरड्यानं यांच्याकडे शिकवणी लावावी.

मी मुद्रितं तपासणारी. शब्द बरोबर आहे की नाही तेवढं बघायचं. घरी येऊन मिरानला सांगितलं. ती मोड आलेल्या सोयाबीनची शेपटं खुडत बसली होती. “बरं झालं,” म्हणाली आणि खुडत राहिली. चर्चच्या बालवाडीत शिकवते ती. तिथे ती बिनलग्नाची, आणि मी तिची घरभाडं वाटून घेणारी मैत्रीण.

९ मार्च

मिरानच्या आईचं काही खरं नाही. आज इस्पितळात मी त्यांचं अंग पुसून दिलं, केस विंचरले. नव्या नर्सनं विचारलं, “या कोण तुमच्या?”

“जावई,” म्हातारी म्हणाली. “दारू पीत नाही, एवढीच खोट.”

नर्स खूप हसली. मिरान खिडकीबाहेर बघत होती. मला मात्र दिवसभर बरं वाटत राहिलं.

१२ मार्च

सांगून टाकलं. प्यो साहेबांना — मिरान माझी कोण, तिची आई माझी कोण.

“थाकबाई, इतकी वर्षं गप्प का राहिलात हो?” वर हे! तुमचेच मथळे तपासत बसले होते, आणखी काय बोलणार?

मागणं एकच केलं. आई गेली की निधनवार्तेत माझं नाव यायला हवं. आमच्या पानावर मेलेल्याच्या नावाखाली सगळं गणगोत येतं — मुलगा अमक्या बँकेत, जावई तमक्या कंपनीत. सासूचं आजारपण फोनवरून ऐकणारे जावई मी हुद्द्यासकट तपासून सोडलेत. मला त्या रांगेत जागा हवी. बाकी काही नको.

“घरच्यांनी लिहून दिलं की छापतो. माझा शब्द.”

मिरानला सांगितलं. “तुला हवं तसं कर,” म्हणाली.

१९ मार्च

आई गेली. हात माझ्या हातात होता.

२० मार्च

इस्पितळाच्या तळघरातला शोककक्ष. मिरानचा धाकटा भाऊ जेसक — त्यानं माझ्यासाठीही सुतकाचे काळे कपडे मागवले. “ताई, तुम्ही आमच्याबरोबर उभं राहायचं. भेटायला येणाऱ्यांना रस्सा-भात वाढायला माणसं लावलीत.” मला रडूच फुटलं.

निधनवार्ता त्यानंच लिहिली. लेक मिरान, तिची जोडीदार थाक यांग-ही, मुलगा जेसक. माझ्यासमोर पेपरला पाठवली. मिरानला आधी वाचायला दिली होती. “ठीक आहे,” म्हणून तिनं परत दिली.

दुपारी बालवाडीच्या मुख्याध्यापिका आल्या. फुलं वाहिली, वाकल्या, मग माझ्याकडे बघून मिरानला विचारलं, “या?” मिरान म्हणाली, “मैत्रीण. मदतीला आलीय.” अंगावर सुतकाचे कपडे, उभी घरच्यांच्या रांगेत — आणि मदतीला! गिळलं. तिची आई गेली आहे, आज भांडायचं नाही.

२१ मार्च

अंक आला. लेक मिरान, मुलगा जेसक. मधलं नाव गायब.

आतल्या पानावर मात्र नारेची लेखमाला, पानभर. दोन बायका पाठमोऱ्या, हातात हात. वा रे वा. अनोळखी बायकांना पान, आणि घरच्या बाईला एक ओळ नाही.

जेसक कपाळाला हात लावून बसला. “मी पाठवलं होतं ना तुमच्यासमोर?” पाठवलं होतं बाबा. तुझी चूक नाही.

२४ मार्च

आज कामावर गेले आणि प्यो साहेबांना सगळ्या डेस्कसमोर सोलून काढलं. “तोंडावर शब्द देता आणि मागून कात्री चालवता? कौतुक करून घ्यायला आमची दुःखं चालतात, आमची नावं नाही चालत? तुमचे जुने मथळे बरे होते. निदान तोंडावर थुंकायचात.”

साहेब कानापर्यंत लाल झाले. मला वाटलं, आता उलटतील. “माझं चुकलं, थाकबाई,” म्हणाले आणि मान खाली घातली. लाज तरी आहे म्हणायची!

जेवताना मिरानला सगळं रंगवून सांगितलं. भात तसाच टाकून ती उठली. दुःख ताजं आहे, मीच जरा दमानं घ्यायला हवं.

२५ मार्च

नारेनं जिन्यात गाठलं. तिचे डोळे भरलेले. “ताई, साहेबांना नका हो बोलू. निधनवार्तेतलं नाव घरून फोन आल्याशिवाय काढत नाहीत, तुम्हालाच ठाऊक आहे. तो फोन मीच घेतला होता. लेकीचा होता. म्हणाली, ते मधलं नाव काढा, ती आमच्या घरातली नाही. मग साहेबांना फोन द्यायला लावला, आणि तुम्हाला कळू देऊ नका म्हणून त्यांच्याकडे रडत होती.”

सहा वाजलेत. डेस्कवरचे सगळे गेले, मी अजून इथंच. मला घरी जायचंय.