टॅगवरचे आजोबा

नाना, काल शेजारच्या काकू नवा कुर्ता दाखवायला आईकडे आल्या आणि त्याच्या गळ्याला लटकलेल्या टॅगवर तुम्ही होतात. मामाच्या लग्नातला, भाड्याच्या फेट्यातला तो फोटो. खाली छापलंय, 'आमचे आजोबा. चाळीस वर्षं मागावर बसले.' आईने चष्मा पुसून दोनदा वाचलं. मला वाचायची गरज नव्हती, कारण तो टॅग मीच बनवलाय. लोगो, लेटरहेड, व्हिजिटिंग कार्ड, लिफाफा, कापडी पिशवी, सगळं माझंच. म्हणून तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाल्यावर आज लिहायला बसलेय.

ज्याचा हा ब्रँड, त्याचं गंगापूर रोडवर दुकान आहे. तिशीचा माणूस, बोलणं पाकात घोळवलेलं, मला 'ताई' म्हणतो. कपडे बाहेरून गठ्ठेच्या गठ्ठे येतात. मागच्या खोलीत दोन बायका जुनी लेबलं उसवून नवी शिवतात. मी ते पाहिलं, त्यानेही लपवलं नाही. 'ताई, कपडा कुठंही मिळतो. लोकांना स्टोरी पाहिजे असते,' तो हसत म्हणाला आणि मी, तुमची मुलगी, मान डोलावली. त्याचे खरे आजोबा पिंपळगावला द्राक्षांचे व्यापारी होते, माग त्यांनी जन्मात पाहिला नसेल. त्याच्या गोष्टीतल्या आजोबांना चेहरा हवा होता, तो मी दिला.

अक्षरंही तुमचीच आहेत. तुम्ही बोर्ड रंगवायच्या आधी ज्या वहीत अक्षरं काढून बघायचात, ती वही माझ्याकडे आहे. त्यातली चार अक्षरं स्कॅन करून मी लोगो केला. तो बघून दुकानवाला म्हणाला, 'एक नंबर! फक्त जरा थरथरतं करा ना ताई. म्हाताऱ्या हाताचं वाटलं पाहिजे.' नाना, हायवेवरच्या दुकानांचे बोर्ड तुम्ही शिडीवर उभं राहून रंगवायचात. खालून ट्रक गेला की शिडी हलायची, पण हातभर लांबीची शिरोरेषा तुम्ही एका दमात ओढायचात. शेवटच्या आजारपणातसुद्धा तुमचा हात थरथरला नाही. ती रेष मी माऊसने तीन ठिकाणी वाकडी केली. मग लेटरहेडवर चहाचे फिकट डाग छापले, कागद जुना वाटावा म्हणून. लिहितानासुद्धा किळस येते. त्याची येते, आणि त्याच्याहून जास्त माझी.

दहावीच्या सुट्टीत तुम्ही मला एका रसवंतीचा बोर्ड एकटीने रंगवायला दिला होतात. दोन दिवस उन्हात उभी राहून मी तो पुरा केला आणि ऐटीत खालच्या कोपऱ्यात तुमची सही ठोकून दिली. सगळे पेंटर तिथंच सही करतात आणि तुमच्या सहीला बाजारात मान होता. तुम्ही येता, लांबून बघता. रॉकेलमध्ये फडकं बुडवता आणि सही पुसून टाकता. 'काय केलं हे?' मी रडकुंडीला येऊन विचारते. 'माझा हात लागला नाय, तर माझं नाव बी नाय लागणार,' तुम्ही म्हणता. रसवंतीवाला मध्ये पडतो, 'ऱ्हाऊ द्या ना पेंटर, कोण बघतंय?' तुम्ही त्याच्याकडे वळूनही बघत नाही. 'मी बघतोय ना.' मला तेव्हा तुमचा भयंकर राग आला होता आणि तो बरीच वर्षं टिकला.

काल काकू गेल्यावर आई त्यांच्याकडून मागून घेतलेला टॅग हातात धरून बसून राहिली. 'एक नातवंड मांडीवर घ्यायला मिळालं नाही यांना, आणि इथं कुणाचे आजोबा होऊन बसलेत?' मग भडकली. 'फोटो चोरला त्या मेल्याने! उद्या घेऊन चल मला त्या दुकानात. चार गिऱ्हाइकांसमोर जाब विचारते त्याला.' मी 'बघू' म्हणाले. 'बघू काय बघू? बाप आहे तुझा,' ती म्हणाली. आज जेवण झाल्यापासून ती चांगली साडी नेसून बाहेरच्या खोलीत बसलीये. मी अर्जंट काम असल्याचं सांगून आत हे टाइप करतेय. दोनदा विचारून झालं तिचं, 'झालं का गं?' प्रत्येक वेळी मी 'पाच मिनिटं' म्हणते.

हे खरं तर तिला सांगायला हवं. तुम्हाला लिहिणं सोपं आहे, तुम्ही वाचणार नाही, आणि मी हे कुठं पाठवणारही नाही. पण वर मी लिहिलंय ना, की गोष्टीला चेहरा हवा होता, ते खोटं आहे. त्याला नुसती गोष्ट पुरेशी होती. फोटो त्याने मागितलाच नव्हता. तुम्ही नेटवरून उचललेले कुणीतरी म्हातारे आहात असंच तो अजून समजतो. टॅगचा डावा कोपरा मला रिकामा वाटत होता, म्हणून मी तुम्हाला तिथं बसवलं. आणि नाना, तुम्ही तिथं फार छान दिसता.