बावीस केशरी पतंग

सोमवार, ७ जानेवारी १९९१

तेविसांपैकी बावीस मुलं हजर. प्रार्थना, नखं, गाणं, मग पतंग. उत्तरायणाला आठवडा राहिला, म्हणून कागदी पतंग बोटांनी रंगवायचे. चिनीमातीच्या कारखान्याच्या भांडारातून करसनभाईंनी गेरू म्हणून केशरी भुकटीचा डबा पाठवला होता. मी ती मैद्याच्या खळीत कालवली. भाविनने बोट चाटलं आणि जाहीर केलं की मस्त लागतं. मग आणखी नऊजणांनी चाटलं. मी हसले!

साडेचारला वाट्या धुतल्या. पाणी ओतलं तरी रंग तळाशी घट्ट. डबा उचलला — एवढासा, पण दगडासारखा जड. सकाळी घाईत चमच्याने घेतला होता, वजन हाताला लागलंच नाही.

हा गेरू नाही. कारखान्याच्या प्रयोगशाळेत दोन वर्षं मी हेच तोलत होते. भांड्यांच्या चकाकीला, ग्लेझमध्ये घालायचा शेंदूर. म्हणजे शिसं.

मंगळवार, ८ जानेवारी

चौदा जणांच्या नखांत केशरी. ब्रशने एकेकाची घासली. हात जरा जोरातच चालला असावा, भाविनने बोटं मागे ओढली.

वर्गात दोरीवर बावीस पतंग. वारा आला की भुकटी झडते, आणि खाली मुलं दुपारी झोपतात. झोपायच्या आधी सगळे उतरवून पोत्यात बांधले. फरशी ओल्या फडक्याने तीनदा पुसली. मुलं रडली. चार वर्षांची रमिला कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बेन, तुम्हाला रंगवता येत नाहीत म्हणून आमचे घेतलेत ना?"

अजून कुणाला सांगितलेलं नाही.

बुधवार, ९ जानेवारी

भाविनच्या पोटात दुखतंय. गुळाची सुखडी जास्त खाल्ली, असं त्याची आई म्हणते. असेल. माझ्या वहीत शिशाचा वितळणांक आहे. लेकराच्या पोटात त्याचं काय होतं, ते नाही.

रंभाबेनना सांगितलं. बालमंदिर पंधरा वर्षं त्या चालवतात. त्या म्हणाल्या, "अगं तरु, दर शनिवारी हनुमानदादाला हाच शेंदूर चोपडतात. कुणाला कधी बाधलाय?"

"हनुमानदादा चाटत नाहीत," मी म्हटलं.

त्या हसल्या नाहीत. बालमंदिर कारखान्याचं, छप्पर कारखान्याचं, बोभाटा झाला तर कुलूप लागेल, असं सगळं समजावलं. शेवटी विचारलं, कालवलं कुणी?

मी.

गुरुवार, १० जानेवारी

सुरेंद्रनगरला जाऊन डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं, माझ्या नावासकट. चाटणाऱ्या दहाजणांचं रक्त त्या अहमदाबादला पाठवतील. मी म्हटलं, ज्याने रंगाला हातच लावला नाही असं एक मूलही घ्या, तुलनेला. शिकवता की तपासणी करता, असं त्यांनी विचारलं. पण मानलं.

असं मूल एकच. जागृती. सोमवारी मामाच्या गावी होती, काल परतली — पतंग तोवर पोत्यात.

शनिवार, १२ जानेवारी

रक्त काढलं. आया ओळीने उभ्या. मी प्रत्येकीला स्वतः सांगितलं. भाविनची आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमच्या भरवशावर सोडतो ना बेन आम्ही."

जागृतीची आई मात्र भांडलीच. माझ्या पोरीने काही खाल्लं नाही, तिला सुई कशाला? म्हणूनच, असं मी सांगितलं, पण तिला पटेना. तिचा नवरा ग्लेझखात्यात आहे, मला प्रयोगशाळेपासून ओळखतो. त्याने लेकीला मांडीवर घेतलं आणि तिचा दंड पुढे केला.

सोमवार, १४ जानेवारी

उत्तरायण. गच्चीवर गेले नाही.

गुरुवार, १७ जानेवारी

भाविन बरा आहे. आज मातीचे बैल केले. प्रत्येक हात तोंडाकडे गेला की माझा जीव जातो.

शुक्रवार, २५ जानेवारी

अहवाल आला. रक्तातलं शिसं पंचविसाच्या आत हवं, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. भाविन १६. रमिला १९. दहाही जणं आत आहेत.

जागृती ६१.

नमुन्यांची अदलाबदल झाली का, विचारलं. नाही. दोनदा तपासलंय.

तिचे वडील ग्लेझखात्यातली भुकटी अंगावर घेऊन, कामाच्या कपड्यांतच घरी येतात. ते राहतात त्या चाळीत ग्लेझखात्याची आठ घरं आहेत. पाच मुलं अजून रांगतात.