गाडीखालून आलेला प्रश्न

प्रिय दादा,

नमस्कार. अण्णांना जाऊन दोन महिने होत आले. त्या दिवशी तू आलास, भिंतीला टेकून बसलास, अर्धा कप चहा घेतलास आणि उठलास. मी फाटकापर्यंत तुझ्या मागे आलो होतो. आई गेली त्या सकाळबद्दल एक गोष्ट तुला सांगायची होती. तू वळून ‘काय रे?’ म्हणालास आणि मी म्हटलं, काही नाही, सांभाळून जा. घरी येऊन स्वतःचीच लाज वाटली. सरळ सांगायची छाती अजूनही होत नाही, म्हणून जरा लांबून येतो.

परवा आमची गाडी ऐन वेळी अडून बसली. लेकीची नोकरीची मुलाखत होती, आणि किल्ली फिरवली की एकदाच टक् आणि मग सामसूम. ती मेकॅनिकला फोन लावणार तेवढ्यात मी म्हटलं, थांब, आधी पुढचे दिवे लाव आणि मग किल्ली फिरव. दिवे लख्ख लागले, पण किल्ली फिरवताच पार विझले. मी तिला समजावलं, नुसते मंदावले असते तर बॅटरी उतरलेली, लख्खच राहिले असते तर स्टार्टर बघायचा, आणि इंजिन गरगर फिरूनही पेटलं नसतं तर पेट्रोल नाहीतर स्पार्क. हे विझलेत, म्हणजे बॅटरीत जीव आहे पण तो पुढे पोचत नाही. बॉनेट उघडलं तर टर्मिनलवर पांढरंहिरवं बुरशीसारखं साचलेलं. गरम पाण्यात खाण्याचा सोडा घातला, जुन्या टूथब्रशनं घासलं, पुसून कोरडं केलं. काढताना काळी वायर आधी, लावताना ती शेवटी. मग पान्यानं आवळलं आणि गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली.

लेक बघतच राहिली. म्हणाली, बाबा, तुम्ही पाण्याच्या पंपघरात नोकरी करणारे, हे कुठे शिकलात? मी म्हटलं, तुझ्या काकांकडून. तर ती हसायलाच लागली. काका तर तिकिटाच्या खिडकीत बसतात, त्यांना गाडीतलं काय कळतं! तिचा दोष नाही, तू गाड्या दुरुस्त करायचास तेव्हा ती तीन वर्षांची होती. तू गल्लीच्या तोंडाशी आलेल्या गाडीचा आवाज ऐकून हातातला चहा खाली ठेवायचास आणि सांगायचास, हिचा एक प्लग गेलाय. मी सकाळी डोळे मिटून बसलो की तू अंगणातून ओरडायचास, भगतबुवा, देवाला नंतर, आधी इथे टॉर्च धरा! आई आतून तुला रागवायची आणि मग तीच हसायची. ती गेल्यावर तू बॉनेटला हात लावला नाहीस. सतरा वर्षं झाली.

दादा, त्या सकाळच्या आदल्या दुपारी तू अण्णांच्या गाडीला नवा स्टार्टर बसवलास आणि गॅरेजवर गेलास. संध्याकाळी मी गाडी पुसत होतो. माझा स्वभाव तुला माहीत आहे, मळ दिसला की हात थांबत नाही. बॅटरीच्या एका टर्मिनलला थोडा पांढरा मळ राहिला होता. पाना तू घेऊन गेला होतास, म्हणून मी पकडीनं नट सैल केला, वायर काढली, पुसली आणि परत बसवली. नट हातानं फिरवला. पकडीनं आवळणारच होतो, तेवढ्यात माझी प्रार्थनेची वेळ झाली. म्हटलं, सकाळी बघू. हात धुऊन देवापुढे बसलो, आणि सकाळी माझ्या लक्षातही राहिलं नाही.

मग ती सकाळ. आईला श्वास घेता येईना, रुग्णवाहिकेचा फोन लागेना, आणि गाडी टक् म्हणून गप्प. दिवे लावून बघायचं त्या घाईत कोणालाच सुचलं नाही. तू स्वतःच्या हातानं टर्मिनल आवळली होतीस, म्हणून तुला नव्या स्टार्टरचाच संशय आला. गाडीखाली शिरलास. आतून विचारलंस, धाकट्या, टर्मिनल बघ रे, घट्ट आहेत ना? तेव्हा मला आठवलं. आणि अण्णा शेजारीच उभे होते. मी हात न लावता म्हणालो, घट्ट आहेत. तू तुझ्या धाकट्याच्या शब्दावर विश्वास ठेवलास आणि स्टार्टर खोलायला घेतलास. तो खोलून परत बसवण्यात वीस मिनिटं गेली. शेवटी तुझी पाठ वळलेली असताना मी बोट लावलं, तर ती वायर भोवऱ्यासारखी फिरली. मी पकडीनं आवळली. पुढच्या किल्लीला गाडी सुरू झाली आणि सगळ्यांना वाटलं, स्टार्टरचा तुझाच बोल्ट सैल राहिला होता. तुलाही तेच वाटलं. आई वाटेतच गेली. तिच्या उशाशी अण्णा तुला चारचौघांत म्हणाले, तुझ्या हातानं गेली ती. तू माझ्याकडे पाहिलंस. मी खाली पाहत होतो. तेव्हापासून रोज प्रार्थनेला बसतो, पण तोंडातून शब्द येत नाहीत. सवयीनं नुसता बसून राहतो.

आता हे पत्र का, ते सांगतो. शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात अण्णांनी मला खुणेनं जवळ बोलावलं. म्हणाले, थोरल्याला सांग, मी त्याला माफ केलं, फार बोललो मी त्याला. मी सांगतो म्हणालो. खोलीत दुसरं कोणी नव्हतं, दादा, नर्ससुद्धा नव्हती. एक वाक्य पुरलं असतं. मी त्यांचं पांघरूण नीट केलं आणि पाणी आणायला बाहेर गेलो. सांगायचं कबूल केलं होतं, म्हणून त्यांचा निरोप पोचवतो आहे, पण तो तू घेऊ नकोस. तुझ्या हातून काही झालंच नव्हतं. माझ्यासाठी मी तुझ्याकडे काही मागत नाही. हे वाचून तू पत्र फाडलंस, वहिनीला दाखवलंस, चारचौघांत वाचून दाखवलंस, तरी माझी ना नाही. फक्त एवढं ऐक. ती गाडी आम्ही पुढे अकरा वर्षं वापरली, आणि तू बसवलेला स्टार्टर एकदाही बिघडला नाही.

तुझाच,
धाकटा