ओरडत येणारा बाण

१४ नोव्हेंबर १९४४, तुंगार्ली

आज मी एका बाईला तिचा मुलगा लढाईत मेल्याचं सांगितलं, आणि ती हसली. हे कुणापाशी बोलता येण्यासारखं नाही, म्हणून लिहिते.

लष्कराचा साहेब सकाळी मोटारीने आला. वाडीत इंग्रजी कळणारं दुसरं कोणी नाही, तेव्हा मला झुंबरबाईच्या अंगणात नेऊन उभं केलं. झुंबरबाई अकरा वर्षं माझ्याकडे दूध घालते. तिचा एकुलता एक अंबाजी इटलीत लढत होता. साहेब म्हणाला, रॉकेटने मारला गेला. मी मराठी केलं — "अंबाजी बाणाने गेला." तीस वर्षं मुलींना शास्त्र शिकवलं, रॉकेटला बाणच म्हणत आले. जीभ तिकडेच वळली.

झुंबरबाई माझ्याकडे बघत राहिली. मग फस्सकन हसली! "दिवाळीचा बान? आवो बाई, त्यानं फार तर धोतराला भोक पडतं. मानूस मरतंय व्हय! साहेबाला म्हनावं, नाव चुकलंया. दुसऱ्या कुनाचं पोरगं आसंल."

सून सरू दारात उभी होती. ती नाही हसली.

साहेब आणखी एक बोलला. म्हणाला, ही रॉकेटं येताना गाढवासारखी ओरडत येतात. जवानाला आधी ऐकू येतं, तेच वाईट. एवढं वाक्य मी मराठीत केलं नाही. आईला ते कशाला!

१६ नोव्हेंबर

दूध वेळेवर आलं. झुंबरबाईचा चेहरा नेहमीचाच. "सरू रडाया लागली की एक ठिवून देते," म्हणाली. "जित्या नवऱ्याच्या नावानं रडत्यात का?"

१९ नोव्हेंबर

नथू आला होता. अंबाजीचा चुलता. ठासणीची बंदूक घेऊन रानडुकरांपासून भात राखतो. ओटीवर चढला नाही, पायरीवरच उकिडवा बसला.

"बाई, वैनी सुतक पाळू दीना. दहावा चार दिसांवर आला. पोराचं पानी अडलंया. आन् सरूला रोज सक्काळी स्वता कुंकू लावती. बगवत न्हाई. बान तुमी म्हनलात, आता तुमीच निस्तरा."

खरं आहे. मीच म्हणाले.

"नथू," मी विचारलं, "बंदूक उडाली की खांद्याला काय होतं?"

"लाथ बसती."

"का बसते?"

"गोळी म्होरं, बंदूक मागं."

"झालं तर. आता गोळी काढून टाक. दारू नळ्यात जळते, तिचा धूर एका तोंडाने जोरात मागे सुटतो. मग नळा कुठे जाईल?"

"म्होरं." जरा थांबून म्हणाला, "पर योकच लाथ न्हाई. दारू सरंस्तवर लाथच लाथ!"

तीस वर्षांत इतकं चटकन एकाही मुलीने सांगितलं नव्हतं. मी पुढे सांगितलं — तो हवेला रेटत नाही, जमिनीला रेटत नाही. पोटातलं मागे टाकतो आणि पुढे जातो. जळायला बाहेरची हवासुद्धा लागत नाही. ती शिदोरी दारूतच बांधलेली.

"मंजी गाढवच की! लाथा झाडत पळनारं."

गाढव म्हणाला, आणि मला साहेबाचं वाक्य आठवलं.

"मग त्यात मारनारं काय?" नथूने विचारलं.

"टोकाला बांधाल ते. दोर बांधून किनाऱ्यावरून सोडला तर बुडत्या जहाजावरची माणसं वाचतात. विलायतेत करतात तसं. दारूगोळा बांधला तर अंबाजी."

नथू उठून गेला. मी जरा कठोर बोलले. पण दुसरं कसं सांगतात?

२० नोव्हेंबर

ठरवलं. झुंबरबाईला डोळ्यांनी दाखवायचं. नथूकडची दारू, माझ्याकडची पुठ्ठ्याची नळी.

२१ नोव्हेंबर

वर्तमानपत्रात लंडनवर पडणाऱ्या मोठ्या रॉकेटांची हकीकत आली आहे. ती आवाजापेक्षा वेगाने येतात. आधी फुटतात, येतानाचा आवाज मागाहून पोहोचतो! शेवटी लिहिलंय की याच यंत्राने माणूस कधीतरी चंद्रावरही जाईल. जाऊ दे. आमच्या वाडीतून इटलीत गेलेला परत येत नाही.

२२ नोव्हेंबर

हात अजून काळे आहेत. साबणाने निघत नाहीत.

कापणी झालेल्या खाचरात सगळे जमले. नळीचं एक तोंड चिखलाने बुजवलं होतं, दुसरं बारीक ठेवलं होतं, बगलेला काठी. टोकाला नथूने लोखंडाचा तुकडा बांधला. समोरच्या बांधावर फुटकं मडकं ठेवलं. झुंबरबाई पदर खोचून लांब बसली होती. "बाई म्हातारपनी दिवाळी करत्यात," म्हणाली. दोघीतिघी हसल्या.

नथूने काकडा लावला.

बाण हातभर सरळ गेला. मग कुणी शेपटी पिरगळल्यासारखा वळला, जमिनीला घासत, फुत्कारत गेला, आणि झुंबरबाईच्याच गवताच्या गंजीत घुसला. लोखंड पार आत. बाहेर आधी धूर, मग जाळ. लोक हंडे-कळशा घेऊन धावले. काही उपयोग झाला नाही. वर्षभराची वैरण माझ्यादेखत गेली.

मी झुंबरबाईकडे गेले. शिव्या देईल, अंगावर येईल, असं वाटलं होतं. ती जाळाकडे बघत होती.

"बाई, तुमी तर मडक्यावर धरला व्हता."

"हो."

"मग?"

"त्याला नेम नसतो. म्हणून तिकडे एका वेळी सहा-सहा सोडतात. एखादा लागतो कुणाला तरी."

तिने खोचलेला पदर सोडला.

"मंजी माझ्या अंब्यावर कुनी नेम धरलाच न्हवता?"

"नाही."

"त्याचं नावगाव बी कुनाला ठावं न्हवतं?"

"नाही, झुंबरबाई."

तिने सरूला हाक मारली. सरू जवळ येऊन वाकली. झुंबरबाईने पदराचं टोक जिभेला लावलं, लहान पोराचं तोंड पुसतात तसं, आणि तिचं कुंकू पुसलं. मग जो हंबरडा फोडला तो खाली रेल्वेच्या रुळांपर्यंत गेला असेल.

दहावा उद्या होईल. मला पाहिजे होतं तेच झालं.

२३ नोव्हेंबर

दहावा झाला. कावळा लवकर शिवला म्हणतात. मी गेले नाही.

२६ नोव्हेंबर

झुंबरबाई आज हात हलवत आली, दूध नव्हतं. उंबऱ्याशी उभी राहिली. मी "बसा" म्हटलं तरी बसली नाही.

"बाई, येकच इचारते. खरं सांगा, तुमी कवा खोटं बोलत न्हाई. त्यो बान येताना अंब्याला आयकू आला आसंल का? भ्याला आसंल का त्यो?"

मी म्हणाले, "नाही. त्याचा आवाज मागाहून येतो. अंबाजीला काहीही कळलं नाही."

"देवाची किरपा," म्हणाली आणि गेली.

लंडनचं रॉकेट मी इटलीत पाडलं. एखाद्या मुलीने पेपरात हे उत्तर लिहिलं असतं तर मी शून्य दिलं असतं.

२ डिसेंबर

दूध सुरू. कामशेतहून दोन गाड्या वैरण आणून टाकली. झुंबरबाईने ती रचून घेतली.

८ फेब्रुवारी १९४५

वडिवळ्याचा रखमाजी आला. अंबाजीच्या पलटणीतला, त्याच्याच शेजारी झोपणारा. डाव्या हाताची तीन बोटं गेली म्हणून सुटून आला. झुंबरबाईकडे जायच्या आधी माझ्याकडे आला.

"बाई, म्हातारीला काय सांगू? अंब्याचं कान गेल्तं. दोनी. म्हैनाभर आदी गोळा जवळ फुटला तवाच. कळलं आस्तं तर साहेबानं घरी धाडला आस्ता. पर ह्यानं लपवलं. भैऱ्याला गावात कोन इचारतंय, म्हनायचा. मी त्याला दंडाला धरून आडवा करायचो. त्या दिशी मी पानी आनाया गेल्तो. त्ये गाढव वरडलं. समदी आडवी झाली. ह्यो उभाच."

म्हणजे मी झुंबरबाईला खोटं सांगितलं नव्हतं.

"यातलं काही सांगू नकोस," मी म्हणाले. त्याच्याबरोबर गेले.

रखमाजीने अंबाजीचं सामान झुंबरबाईच्या हाती माझ्यासमोर दिलं: सदऱ्याची पितळी बटणं, सुपारीची चंची, लोकरीचा गळपट्टा. गळपट्टा तिने सरूला दिला.

त्याच सामानातली, अंबाजीच्या कानात घालायच्या कापसाची पुडी मी देऊ दिली नाही. ती माझ्याकडे आहे.